दोष एकट्या तुडतुड्याचा?

फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ साली तपकिरी तुडतुड्यांस दाद न देणारे ‘आयआर-२६’ हे वाण दिले. एका जनुकावर उभारलेली ती तटबंदी दोन-तीन वर्षांतच ढासळली. मैलोगणती एकच वाण लावल्यावर त्यावर जगू शकणारा किडाच तेवढा उरणार आणि वाढणार, हे उघड नव्हते काय? इंडोनेशियात तर सरकारने कीटकनाशकांवर अनुदानाची खैरात केली! फवारणीने तुडतुडे खाणारे कोळी मेले, तुडतुडे माजले. पीक शेतकऱ्याचे बुडाले, नफा रसायन-कारखानदारांना झाला. अखेर १९८६ साली सुहार्तोंसारख्या हुकूमशहासही भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. किडीच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी ते अनुदान कोणाच्या पदरात पडले, एवढे आधी सांगावे.