सूचना सुरू झाल्या की आपण उठतो



मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या पॅरिशमधल्या एका वडीलधाऱ्या भाऊंनी आम्हाला चर्चच्या दारातच गाठलं. फादरांनी त्या दिवशी शेवटच्या आशीर्वादाआधी मृगाच्या तोंडावरच्या चार सूचना वाचून दाखवल्या होत्या. पाणी उकळून प्या, टाक्या-कुंड्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा, विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, आणि वॉर्डात नाल्यांची सफाई होणार आहे तेव्हा दारापुढचं सामान उचलून ठेवा. भाऊ म्हणाले, "मास्तर, आम्ही देवाचं वचन ऐकाले येतो. हे नगरपालिकेचं वेदीजवळून काहून ऐकवता?" मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

भाऊंचा आम्ही मान राखतो. चर्चचं छत गळत होतं तेव्हा शिडी लावून वर चढणारे तेच होते. म्हणून दारात हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही, कारण तो एकट्या भाऊंचा नाही. सूचना सुरू झाल्या की अर्धं चर्च उठतं. चपला शोधल्या जातात, मोटारसायकली सुरू होतात. या सवयीला आम्ही आज उघडपणे चूक म्हणणार आहोत.

सूचनांना विरोध करणाऱ्यांची तीन कारणं आम्ही ऐकत आलो आहोत. मिस्सा पवित्र आहे, तिथे नाल्या-गटारांची भाषा नको, हे पहिलं. हे सगळं मोबाइलवर येतंच, मग पुन्हा कशाला, हे दुसरं. तिसरं हळू आवाजात सांगितलं जातं. आपण या भागात मूठभर ख्रिस्ती लोक, आपण आपलं चर्च सांभाळावं, पालिकेच्या भानगडीत पडू नये.

पहिल्या कारणाचं उत्तर बायबलच देतं. लेवीयच्या १४व्या अध्यायात घराच्या भिंतीला बुरशी लागली तर काय करायचं ते सांगितलं आहे. घरमालकाने याजकाला कळवायचं, याजकाने स्वतः घरात जाऊन भिंत पाहायची, घर सात दिवस बंद ठेवायचं, डाग वाढला तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे. ओल्या भिंतीची पाहणी हे याजकाचं काम होतं! अनुवादाच्या २२व्या अध्यायात नवं घर बांधताना गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे, कुणी पडून मेला तर तो दोष घरावर येऊ नये म्हणून. ज्या देवाला गच्चीच्या कठड्याची काळजी आहे, त्याला आपल्या दारापुढची तुंबलेली नाली अपवित्र वाटेल का?

आणि प्रभू येशू? याईराच्या मुलीला त्याने मरणातून उठवलं, आणि मार्क सांगतो की त्यानंतर लगेच तिला काही खायला द्या असं बजावलं. एवढा मोठा चमत्कार झाल्यावर प्रभूच्या तोंडी घरगुती सूचना आली. त्या घरातलं कुणी "हे आता कशाला" असं म्हणून उठून गेलं नसेल.

मिस्सा हा शब्द लॅटिन भाषेतल्या निरोपाच्या शब्दावरून आला आहे. जा, तुम्हाला पाठवलं आहे, असा त्याचा रोख आहे. सूचना त्या निरोपाच्या उंबरठ्यावर येतात. आधी सूचना, मग आशीर्वाद, मग निरोप. याचा सरळ अर्थ असा की सूचनेच्या वेळी उठणारा आशीर्वादही सोडून जातो. आपल्याला कुठे पाठवलं आहे तेच त्याने ऐकलेलं नसतं.

दुसरं कारण मोबाइलचं. याचं उत्तर देताना आमचा हात जड होतो, कारण ते उत्तर गेल्या वर्षीचं आहे आणि आपल्याच भागातलं आहे.

२०२५च्या सप्टेंबरात शेजारच्या परासिया भागात लहान लेकरं साध्या सर्दी-तापाने आजारी पडली. ऋतू बदलताना पडतात तशीच. मग त्यांची लघवी थांबू लागली. आईबापांनी त्यांना नागपूरला नेलं. कुणी शेत गहाण टाकलं असेल, कुणी बैल विकले असतील. ते त्यांनाच ठाऊक. वीसहून अधिक लेकरं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सर्वाधिक छिंदवाडा जिल्ह्यातली होती, पण बैतूल आणि आपला पांढुर्णा जिल्हाही त्या दुःखातून सुटला नाही. कारण निघालं खोकल्याचं औषध, कोल्ड्रिफ. तमिळनाडूत झालेल्या तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के सापडलं. जिथे ०.१ टक्क्याच्या वर ते चालत नाही, तिथे जवळपास निम्मी बाटली विष. हे रसायन मूत्रपिंडं निकामी करतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. त्या आईबापांचा काहीही दोष नाही. त्यांनी सांगितलेलं औषध विश्वासाने पाजलं. ज्यांनी ते बनवलं, ज्यांनी न तपासता बाजारात येऊ दिलं, त्यांचा हिशेब न्यायालयात व्हावा आणि देवापुढेही होईल. आमचा मुद्दा त्यानंतरचा आहे.

मध्य प्रदेशात त्या औषधावर बंदी आली ती ४ ऑक्टोबरला, शनिवारी. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाटल्या तोवर घराघरांत पोचलेल्या होत्या. त्या परत गोळा करायला आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना दारोदार फिरावं लागलं. आपल्याकडे मिस्सेच्या शेवटी सूचना वाचली गेली, आणि नेहमीप्रमाणे निम्मे बाक रिकामे झाले. आम्ही त्या दिवशी दाराशीच उभे होतो. आम्हीही कुणाला थांबवलं नाही, ही आमची चूक.

तीन दिवसांनी घरभेटीला गेलो असता एका घरात खिडकीच्या फळीवर खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली दिसली. लेबल तेलकट हातांनी पुसून गेलं होतं. कोणतं औषध ते घरच्यांना सांगता येईना, आम्हाला वाचता येईना. घरात दोन स्मार्टफोन होते. बंदीचा संदेशही आला होता, हिंदीत, एका चित्रावर बारीक अक्षरांत, चाळीस इतर संदेशांच्या खाली. पण दुपारी नातवाला औषध पाजणाऱ्या आजीकडे फोन नव्हता. ती मिस्सेला आली होती. तिला घेऊन येणारा मुलगा सूचनांच्या वेळी गाडी काढायला उठला आणि "चाल माय" म्हणून तिलाही घेऊन गेला. बाटली आम्ही आशाताईंच्या हाती दिली. लेकरू खेळत होतं, देवाची कृपा. पण दरवेळी कृपेवर भार टाकून आपण उठून जायचं का?

म्हणून मोबाइल पुरे आहे असं म्हणू नका. सरकारी सूचना हिंदीत येते, आपल्या आयाबाया मराठीत विचार करतात. सूचना फोनवर येते, औषध आजीच्या हातात असतं. मधलं अंतर कुणीतरी तोंडाने भरून काढावं लागतं. आठवड्यातून एकदा सगळं घर एकत्र बसतं अशी आपल्याकडे एकच जागा आहे.

तिसरं कारण भीतीचं. मूठभर आहोत हे खरं. पण यिर्मयाने बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या मूठभर लोकांना पत्र पाठवलं तेव्हा काय सांगितलं? ज्या नगरात राहता त्याच्या भल्यासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. ते नगर तर शत्रूचं होतं. पांढुर्णा आणि सौंसर आपली आहेत. ५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा पेढे आपणही वाटले. आता कलेक्टर ऑफिस छिंदवाड्याला नाही, पांढुर्ण्यालाच आहे. दर मंगळवारी जनसुनवाई असते. सीएम हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे. नालीची तक्रार घेऊन आपल्यापैकी किती जण तिथे गेले? पार्षदाच्या नावाने ओट्यावर बसून बोलायला मात्र आपण कमी नाही.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमचा कोट कसा उभा राहिला ते लिहिलं आहे. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. सोनार होते, अत्तर बनवणारे होते, एकाने तर आपल्या मुलींना सोबत घेतलं. शहर असंच उभं राहतं, प्रत्येकाने आपल्या दारापुढून सुरुवात केल्यावर.

पोळ्याचंही आताच सांगून ठेवतो. यंदा अधिक महिन्यामुळे पोळा सप्टेंबरात आहे. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतील. दरवर्षी प्रशासन मनाईचा आदेश काढतं आणि दरवर्षी शेकडो माणसं रक्तबंबाळ होतात. शेजाऱ्यांच्या श्रद्धेवर निकाल देणं आमचं काम नाही. पण आपली पोरंही गर्दीत जातात हे आम्हाला माहीत आहे. ज्या प्रभूच्या एका वाक्याने जमलेल्यांच्या हातातले दगड गळून पडले, त्याच्या लेकरांनी त्या दिवशी कुठे असावं हे वेगळं सांगायला हवं का? दगड उचलायला नको, गच्चीवरून तमाशा बघायलाही नको. रक्त द्यायचं असेल तर दवाखान्यात द्या. ही सूचना वाचली जाईल तेव्हा कृपया बसून राहा.

दोष एकट्या भाविकांचा नाही, हेही कबूल करतो. सूचना आम्ही गडबडीत वाचतो, कागदावरची सरकारी हिंदी तशीच्या तशी. यापुढे त्या मराठीत, सावकाश आणि थोडक्यात वाचू. तुम्ही आशीर्वादापर्यंत बसा, एवढीच मागणी.

आणि जे मागच्या रविवारी उठून गेले त्यांच्यासाठी त्या सूचना इथे पुन्हा, थोड्या सविस्तर. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कूलर, कुंड्या, टायर, रांजण रिकामे करून घासून वाळवा. रविवारी मिस्सेहून घरी गेल्यावर दहा मिनिटं पुरतात. शब्बाथालाही बैल सोडून पाण्यावर नेतात, याची आठवण प्रभूनेच करून दिली होती. ताप आला तर मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. जुलाब लागले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळा. अर्धं-अर्धं अंदाजाने नको. पाच वर्षांखालच्या लेकराला खोकल्याचं औषध मनाने पाजू नका, शेजारणीच्या घरची उरलेली बाटली तर मुळीच नको. लेकराची लघवी कमी झाली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

संत्र्याच्या बागेत मृग बहाराच्या कामाला जाणाऱ्यांनी विजा सुरू होताच झाडाखालून निघून पक्क्या घरात जावं. रात्री जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार झोपेतच चावतो आणि दुखतही नाही. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, झाडफूक करत बसू नका. १०८ला फोन करा.

भाऊ, तुम्ही देवाचं वचन ऐकायला येता. याकोबाच्या पत्रातही तेच वचन आहे: उघड्या-उपाशी भावाला नुसतं "सुखी राहा" म्हणून वाटेला लावलं तर काय उपयोग? येत्या रविवारी आम्ही तुमच्या शेजारी बसणार आहोत. सूचना संपेपर्यंत.

प्रार्थना करू या: हे प्रभू, तुझं वचन ऐकणारे आमचे कान शेजाऱ्याच्या गरजेपुढे बंद होऊ देऊ नकोस. परासियाच्या त्या लेकरांना तुझ्या कुशीत घे आणि त्यांच्या आयांचे डोळे पूस. आम्हाला आशीर्वादापर्यंत थांबायला शिकव. आमेन.