बिनकामाचं फिरणं

"काय काम आहे?"

पहारेकऱ्याचा प्रश्न तसा साधाच होता. एका जुन्या दगडी इमारतीच्या दारात आम्ही सहाजणी उभ्या होतो. आत आता सरकारी कचेरी आहे. माझ्या हातात वहीचा फाडलेला कागद, धाकट्या जावेच्या हातात पाण्याची बाटली. "काम काही नाही, इमारत बघायला आलोय," मी म्हटलं. त्यानं आमच्याकडं असं पाहिलं, जणू आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून चंद्र मागितलाय. "दाखला वगैरे काढायचाय का? मग उद्या या. नुसतं बघायला इथं काय आहे?"

त्याची चूक नव्हती. बाई घराबाहेर पडते ती कामासाठी, असंच सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. आपण स्वतःसुद्धा! भाजी आणायची, मुलांना शाळेत सोडायचं, बँकेत पासबुक भरायचं, अंबाबाईला ओटी भरायची, दवाखान्यात डबा पोचवायचा. गाव आपल्याला पाठ असतं, पण ते कामाच्या रस्त्यांपुरतं. मान खाली, पिशवी हातात आणि नजर घड्याळावर.

माझंही तसंच होतं. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला वीस वर्षं होऊन गेली. बचत गटांच्या कामानं गल्लीबोळ पालथे घातले. पण गाव बघितलं नव्हतं, हे कळलं एका वाईट रात्री. ८ ऑगस्ट २०२४. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह. बघता बघता छप्पर गेलं, रंगमंच गेला. पुनर्बांधणी नंतर हाती घेतली गेली, पण त्या रात्री लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते. मीही रडले. घरी आल्यावर मात्र मनात आलं, त्या वाटेनं मी कितीदा गेले असेन, पण थांबून, मान वर करून ती वास्तू किती वेळा पाहिली? जळाल्यावर रडायचं आणि उभी असताना बघायचंही नाही, ही कसली माया?

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. "एका रविवारी सकाळी नुसतं गाव बघत फिरूया. गाइड नको, गाडी नको." आधी हसल्या सगळ्या. एक मावशी म्हणाल्या, "अगं, रोज बघतोय की आम्ही! आणखी काय बघायचं त्यात?" पण आल्या मात्र सगळ्यांच्या आधी.

वाट मीच कागदावर आखली. खासबाग, मिरजकर तिकटी, बिंदू चौक, भवानी मंडप, शिवाजी चौक, तिथून सीपीआर आणि टाऊन हॉल, शेवटी दसरा चौक. सगळं मिळून अडीच किलोमीटरच्या आतबाहेर. प्रत्येक ठिकाणापुढं पुस्तकांतून काढलेल्या दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. एवढीच तयारी.

खासबागेत सुरुवात केली. कुस्तीचं हे मैदान १९१२ सालचं, नाट्यगृहाच्या शेजारचं. तिथून बिंदू चौक. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे इथं ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना! जवळच जुन्या तटबंदीचा तुकडा अजून उभा आहे. आमच्यातल्या एकीचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. "मी त्याला तुरुंगाची भिंत समजत होते," ती म्हणाली. गावाला कधी कोट होता हे तिला त्या दिवशी कळलं.

भवानी मंडपात तर आपण अंबाबाईच्या दर्शनाला जाता-येता नेहमीच असतो. पण चपला शोधायच्या घाईत जुन्या राजवाड्याकडं कोण बघतो? त्या दिवशी देवीला लांबूनच हात जोडले आणि अर्धा तास नुसता दगड बघितला. काळ्या पाषाणावर घडवणाऱ्यांच्या छिन्नीनं काय काम केलंय!

खरी गंमत शिवाजी चौकात आली. आज तिथं शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आहे. त्या जागी पूर्वी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२च्या आंदोलनात तो विद्रूप केला दोन बायकांनी. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे. पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, क्रांतिकारकांनी तो फोडला आणि १९४५ साली तिथं महाराजांचा पुतळा बसला. मी कागदावरून हे वाचून दाखवत होते आणि बाजूनं रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. मावशी म्हणाल्या, "त्या दोघी काय सांगून घरातनं बाहेर पडल्या असतील गं? बाजाराला जातो म्हणून?" आम्ही सगळ्या गप्प झालो. पाठ्यपुस्तकात वाचलेला १९४२ एकदम आमच्या गल्लीतला झाला.

तिथून पुढं सीपीआर. शंभर वर्षांपूर्वी या दवाखान्याचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं, इंग्लंडच्या युवराजाच्या नावावरून. १८८०च्या दशकातली ही इमारत. इथंच डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या. उच्च शिक्षणासाठी शाहू महाराजांनी त्यांना परदेशी पाठवलं. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर कोल्हापूर संस्थानात मुलींच्या शिक्षणाच्या अधिकारी होत्या. आई शाळा सांभाळतेय, लेक दवाखाना. तोही त्या काळात!

मावशी फाटकापाशी थांबून कमानींकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी दोन्ही बाळंतपणं हितंच झाली. कितीदा आलो, कितीदा गेलो. पर इमारत कशी हाय, ते आज बघितलं."

मैत्रिणींनो, या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितेय. जिथं आपलं सगळं आयुष्य घडलं, ती जागा आपण कधी डोळे भरून पाहिलेलीच नसते.

समोरच टाऊन हॉल. १८७०च्या दशकात मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्यानं आराखडा केलेला. इथला नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्याच्याच कल्पनेतले. १८८१ मध्ये तो वारला आणि नवा राजवाडा पुरा झाला १८८४ मध्ये. पूर्ण झालेली ती इमारत त्यानं पाहिलीच नाही. टाऊन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातल्या वस्तू इथं आहेत आणि तिथंच मिळालेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्तीही. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार थेट रोमन जगाशी होता, याची ती खूण. आणि आपण म्हणतो, आमचं गाव लहान!

शेवट दसरा चौकात, शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी. आजूबाजूला जैन, मुस्लिम, लिंगायत अशा वसतिगृहांच्या जागा. खेड्यातला मुलगा शिकायला आला तर त्यानं राहायचं कुठं, या प्रश्नाला दगडाविटांत दिलेलं हे उत्तर. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. याच राजानं १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये बायकांच्या छळाविरुद्धचा कायदा केला. दर आठवड्याला छळाच्या तक्रारी ऐकणारी मी, त्या पुतळ्याखाली उभी राहून हिशेब करत होते. शंभर वर्षं होऊन गेली. कायदा तेव्हाही होता, आताही आहे. मधली वाट अजून चालायचीच आहे.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, "इंग्रजांच्या काळातल्या इमारतींचं एवढं कौतुक कशाला?" प्रश्न योग्यच आहे. पण माझं म्हणणं असं, की आराखडा साहेबाचा असला तरी दगड इथला, तो घडवणारे हात इथले आणि पैसा रयतेच्या शेतसाऱ्यातला. आणि नावं लोक बदलतातच की! अल्बर्ट एडवर्डचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झालं, विल्सनच्या जागी महाराज आले. गुलामी नावातून काढता येते. पण वास्तू एकदा गेली की नाव लावायलाही काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त टोचली. या सगळ्या वाटेवर भागीरथीबाई, जयाबाई, कृष्णाबाई आमच्या नजरेला पडल्या त्या कागदावर. चालता चालता दिसतील अशा त्यांच्या नावाच्या पाट्या आम्हाला काही दिसल्या नाहीत. राजांची नावं दगडात राहतात. बायकांची नावं कुणीतरी दुसरीला सांगितली तरच राहतात. ते सांगायचं काम आपल्याशिवाय कोण करणार?

आणि एक चूकही कबूल करते. वाट आखताना मी सालं लिहिली, नावं लिहिली, पण बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे ते लिहायचं विसरले. तीन तासांच्या फिरण्यात त्या वयस्क मावशींची फार अडचण झाली. शेवटी एका ओळखीच्या घरी जावं लागलं. तेव्हा पटलं, की बाई गावात निवांत फिरत नाही याचं कारण फक्त वेळ नसणं हे नाही. बसायला बाक नाही, जायला धड जागा नाही. बाईनं काम उरकून लगेच घरी परतावं, अशाच बेतानं गाव रचलेलं असतं. म्हणून आता आमच्या कागदावर पुतळ्यांबरोबर या जागांचीही नोंद आहे. कुठं आहे, कुठं नाही, कुठं असून कुलूप आहे. ही यादी घेऊन आम्ही नगरसेवकांकडं जाणार आहोत. बघा, बिनकामाच्या फिरण्यातून केवढं काम निघालं!

जगात इतरत्रही हे चालतं. अमेरिकेत जन्मलेल्या जेन जेकब्स यांनी पदवी नसताना, नुसतं रस्ते बघून, शहर कुणासाठी असतं यावर १९६१ मध्ये गाजलेलं पुस्तक लिहिलं. पुढं त्या कॅनडातल्या टोरोंटोत राहिल्या. २००६ मध्ये त्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या आठवणीत लोक आपापला भाग एकमेकांना चालत दाखवू लागले. ती प्रथा मग देशोदेशी पसरली. तिथं तज्ज्ञ लागत नाही. जो राहतो तोच सांगतो.

तुमच्या गावात नवा राजवाडा नसेल. पण जुनी कचेरी असेल, डाकबंगला असेल, नदीवरचा पूल असेल. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा, त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कितीजणींना त्याचं वय ठाऊक आहे? मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, तिथं किती आज्यांनी नातवंडं हातात घेतली असतील? आजीच्या शाळेच्या दारावर कोरलेलं साल तरी एकदा वाचून या.

करायचं काय, तेही सांगते. चार-पाचजणी जमा. सात-आठ ठिकाणं पुरेत, मध्ये चालत वीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. गावच्या वाचनालयात बसून माहिती काढा. पुस्तकातलं एका बाजूला लिहा, ऐकीव दुसऱ्या बाजूला. दोन्हींची भेळ करू नका. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. सकाळी सातला निघा, पाणी आणि टोपी बरोबर घ्या. एखादी वयस्क बाई आणि एखादी शाळकरी मुलगी सोबत हवीच. एकीला आठवतं, दुसरी विचारते.

परवा आम्ही त्या कचेरीवरून पुन्हा गेलो. यावेळी दहाजणी होतो. पहारेकरी तोच. "काय काम आहे?" त्यानं सवयीनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढं झाल्या. "काम न्हाई बाबा. गाव आमचं हाय, ते बघायला आलोय."

त्यानं क्षणभर पाहिलं आणि फाटक उघडलं. म्हणाला, "आतल्या बाजूला जिना आहे, तो पण बघून जा."