पंपाच्या मोटारीतले ‘मऊ’ लोखंड

पंपाची मोटार जळणे म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या शेतकरी घरांना सांगायला नको. पीक उभे असते, वीज ठरावीक वेळेलाच येते आणि वर रिवाइंडिंगचा खर्च. तेव्हा आपण तांब्याच्या तारेची चौकशी करतो. आतल्या लोखंडाची कोणी करत नाही.

मुलांना हा प्रयोग करू द्या. शिवणाची सुई चुंबकावर घासली, की ती स्वतःच चुंबक होऊन बसते. साधा खिळा मात्र चुंबकाला चिकटलेला असेपर्यंतच टाचणी धरतो. असे पटकन चुंबक होणारे आणि पटकन ते सोडून देणारे लोखंड म्हणजे ‘मऊ चुंबकीय’ लोखंड. हाताला ते कडकच लागते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, म्हणजे मोटारीतल्या लोखंडाची चुंबकीय दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते. लोखंड हट्टी असेल तर तेवढी वीज उष्णतेत जाते.

किर्लोस्करवाडी 1910 साली वसली आणि तिथले पंप गावोगावी पोहोचले. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही पंपाच्या मोटारीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे पातळ पत्रे रचलेले असतात. त्यांना स्टॅम्पिंग म्हणतात. त्यात बहुधा थोडे सिलिकॉन मिसळलेले असते आणि प्रत्येक पत्र्यावर विद्युतरोधक थर असतो.

याहून सरस मिश्रधातू म्हणजे लोखंड व कोबाल्ट जवळजवळ निम्मे-निम्मे, सोबत 2 टक्के व्हॅनेडियम. सिलिकॉन पोलाद सुमारे 2 टेस्लापर्यंत चुंबकत्व पेलते, हा 2.35 पर्यंत. त्यामुळे यंत्र लहान व हलके होते. पण कोबाल्ट महाग, म्हणून तो विमानातल्या जनित्रांसारख्या ठिकाणीच परवडतो. शिवाय तो ठिसूळ. तापवून झटकन थंड केला तरच त्याचा पातळ पत्रा निघतो. पत्रे कापल्यावर हायड्रोजनच्या भट्टीत सुमारे 850 अंशांवर भाजतात. त्यानंतर वाकवला किंवा ठोकला, तर कमावलेला गुण जातो.

आपल्या मोटारीलाही हाच धडा लागू आहे. जुनी कॉईल काढताना स्टेटर उघड्या जाळावर टाकला किंवा हातोडीने बडवला, तर पत्र्यांवरचा थर जळतो, पत्रे एकमेकांना भिडतात. मग नवी तार भरूनही मोटार जास्त वीज खाते, तापते आणि पुन्हा जळते. म्हणून मिस्त्रींना आधीच विचारा, “कॉईल कशी काढणार?” तापमान नियंत्रित भट्टी असेल आणि लोखंड 370 अंशांच्या वर जाणार नसेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी काम तिथेच द्या.