‘कार्ड आलं की’
व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला ‘डेटा सेंटर अ‍ॅली’ म्हणतात. इथे मिलिसेकंद वाचवण्यासाठी कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात. त्याच गावातली कित्येक मराठी घरं मात्र ‘ग्रीन कार्ड आलं की’ या एका वाक्यावर वर्षंच्या वर्षं काढतात. 1990 च्या कायद्याने ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशासाठी 7 टक्क्यांची मर्यादा ठेवली आणि नोकरीवर आलेल्या भारतीयांची रांग दशकाहून लांबली. नोकरी गेलीच, तर एच-वन-बी व्हिसावाल्याला दुसरी शोधायला जेमतेम 60 दिवस मिळतात. म्हणून जपून राहणं हा भित्रेपणा नव्हे, हे मान्य. स्वतःचा धंदा काढणं तर खरोखरच अडतं. पण गाणं शिकायला, शेजारच्यांशी ओळख वाढवायला किंवा आईवडिलांशी निवांत बोलायला कुठला व्हिसा लागतो? (इथली सकाळ म्हणजे पुण्यातली संध्याकाळ; वेळ तर सोयीचीच आहे.) कायद्याने अडवलेलं थोडं, त्याच्या नावावर आपणच पुढे ढकललेलं जास्त. चाळिशीतली दहा वर्षं कार्डासोबत पोस्टाने परत येत नाहीत. गावातून 45 मैलांची डब्ल्यू अँड ओडी ट्रेल जाते. या शनिवारी तिथे मुलांना घेऊन सायकली काढा.