भैरवगढच्या दाराबाहेर

उज्जयिनीस जाणारा मराठी यात्रेकरू महाकालाचे दर्शन आटोपून बहुधा भैरवगढची वाट धरतो. कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवितात हे त्याने ऐकलेले असते आणि ते कौतुक डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्याचे पाऊल माघारी वळत नाही. त्या नगरीशी आपले नाते जुने आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले, हे गोमंतकीयांना तरी सांगावयास नको. याच भैरवगढात उज्जैनचा मध्यवर्ती तुरुंग आहे. यात्रेकरूंच्या गाड्या जवळून जातात. तेथे थांबण्याचे कोणास कारण नसते.

वृत्तपत्रांना कारण पडते ते दोन प्रसंगी. एक, काही गैरप्रकार उघडकीस आला म्हणजे. २०२३ साली या तुरुंगातील कर्मचाऱ्यांच्याच भविष्य निर्वाह निधीतून कोट्यवधी रुपयांचा अपहार झाल्याचे प्रकरण गाजले आणि अधिकाऱ्यांना अटक झाली. दुसरा प्रसंग सुटकेचा. २०२२ च्या धोरणानुसार मध्य प्रदेशात जन्मठेपेच्या पात्र बंदीवानांना प्रजासत्ताक दिन, आंबेडकर जयंती, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंती अशा चार दिवशी मुक्त करण्याची पद्धत सुरू झाली. त्या दिवशी हार घातले जातात, छायाचित्रे निघतात, दोन शब्द उपदेशाचे होतात. हार सुकल्यावर तो माणूस कोठे गेला, हे विचारण्याची प्रथा मात्र आपल्याकडे नाही. आमचा आजचा विषय तोच आहे.

२०२४ साली मध्य प्रदेश विधानसभेने सुधारात्मक सेवा आणि बंदीगृहांविषयीचा नवा कायदा संमत केला. तुरुंगास आता सुधारगृह समजावयाचे आहे. हेतू चांगला आहे आणि १८९४ च्या इंग्रजी कायद्याच्या जागी काही नवे आले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु सुधारणेची परीक्षा भिंतीच्या आत होत नाही. आत असेतो बंदीवानाच्या भाकरीचा, कपड्याचा, हजेरीचा हिशेब शासन ठेवते. दिवसातून कितीदा तरी त्याची मोजदाद होते. तोच माणूस दाराबाहेर पडला की त्या दिवसापासून त्याचा हिशेब ठेवणारे कोणी उरत नाही. चौदा वर्षे ज्याला दार स्वतः उघडण्याचीही मुभा नव्हती, त्याला एका सकाळी भाड्याची खोली, शिधापत्रिका, बँकेचे खाते आणि नोकरी हे सारे एकट्याने जमवावयाचे असते.

हे झाले शिक्षा भोगलेल्यांचे. त्यांच्याहून बिकट अवस्था असलेला वर्ग या चर्चेत येतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, हे न्यायचौकशीत असलेले कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. पुनर्वसनाच्या योजना मात्र बहुतेक आखलेल्या आहेत त्या पक्क्या कैद्यासाठी. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नाही, म्हणून सामान्यतः त्याच्या गाठीस मजुरीही नसते. जामिनाचा हुकूम पोहोचला की दिवेलागणीस त्याला बाहेर सोडतात. गावी जाण्याची शेवटची गाडी तोवर निघून गेलेली असते. निर्दोष ठरला तरी गेलेली नोकरी परत येत नाही, आणि शेजारी निकालपत्र वाचीत नाहीत. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्याची योजना काढली, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पहिल्याच आरोपात अडकलेल्याला, गंभीर अपवाद वगळता, कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा भोगल्यावर बंधपत्रावर सुटकेची वाट दिली. दार लवकर उघडेल, हे खरे. दारापुढचा रस्ता या दोहोंनी दाखविलेला नाही.

तो रस्ता किती निसरडा आहे, हे अभ्यासकांनी अन्यत्र मोजून दाखविले आहे. अमेरिकेत डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकऱ्या मागावयास पाठविले; २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुरुंगवासाचा उल्लेख नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी शेकडा ३४ जणांना मालकांनी पुन्हा बोलाविले, उल्लेख असलेल्यांपैकी १७ जणांना. काळ्या तरुणांत हेच प्रमाण १४ आणि ५ पडले. म्हणजे निष्कलंक काळ्यापेक्षा शिक्षा भोगलेल्या गोऱ्याला भाव अधिक! आपल्याकडे काळ्या-गोऱ्याचा भेद नाही म्हणून कोणी समाधान मानू नये. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ साली रद्द झाल्यावरही सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून त्यांच्या मागे राहिला. तुरुंगात जातीवरून कामे वाटू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ च्या ऑक्टोबरात सांगावे लागले. वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर बंदीवानांचा मागोवा घेणाऱ्या २००७ च्या अभ्यासात तर असे आढळले की, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरापट होता. तेथे अमली पदार्थ हे मोठे कारण होते, ही गोष्ट वेगळी. पण पहिले दोन आठवडे कसोटीचे, एवढे तर आपणही त्यातून घ्यावे.

आपल्याकडे शहाणपणाचा तुटवडा कधीच नव्हता. प्रा. एम. एस. गोरे यांच्या समितीने १९५० च्या दशकातच सुटकेनंतरच्या सेवेचा प्रश्न हाती घेतला होता. न्यायमूर्ती मुल्ला समितीचा १९८३ चा अहवाल ही जबाबदारी तुरुंग खात्याचीच मानतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून नेमके हेच काम करीत आहे. आणि मध्य प्रदेशास तर स्वतःचेच उदाहरण आहे. १९७२ साली जयप्रकाशजींच्या साक्षीने चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा त्यांच्यासाठी मुंगावलीस खुला तुरुंग निघाला आणि पुनर्वसनासाठी जमिनीचीही सोय झाली. खून-दरोड्यांच्या धन्यांसाठी जे सुचले, ते सायकलचोरीच्या आरोपात अडकलेल्यासाठी सुचू नये, याचे आम्हांस नवल वाटते. बंदूक नसलेल्याच्या पुनर्वसनाची निकड कोणास भासत नसावी.

भैरवगढची दुसरी ओळख तेथील छिप्यांच्या कापडाची. शिप्रेच्या काठी ठशांची आणि मेणाच्या बाटिकची छपाई पिढ्यान् पिढ्या चालत आली असून २०२३ साली उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकनही मिळाले. तुरुंग आणि कारखाने एकाच वस्तीत असताना सुटणाऱ्यास कारागिराच्या हाताखाली सहा महिने ठेवून विद्यावेतन शासनाने द्यावे, ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हे. आम्ही गोमंतकीयांनीही फार ताठ मानेने बोलण्याजोगे नाही. आग्वादचा तुरुंग २०१५ साली बंद होऊन कैदी कोलवाळला गेले; आग्वादच्या भिंतींचे सुंदर स्मारक झाले. तेथे पर्यटक रांग लावतात. कोलवाळच्या दारातून संध्याकाळी सुटणाऱ्या परप्रांतीय मजुराला रात्रीपुरता निवारा कोठे मिळेल, हे सांगणारा साधा फलकही आपण उभारावयास हवा.

उज्जैनमध्ये २०२८ साली सिंहस्थ आहे. घाट, रस्ते, पूल, स्वच्छता या कामांसाठी हजारो हात लागतील आणि त्या साऱ्यांचा खरा मालक शासनच असेल. शिक्षा पूर्ण झालेल्या वा निर्दोष सुटलेल्या माणसास केवळ तुरुंगवासाच्या कारणाने कामावरून वगळू नये, एवढी एक अट ठेकेदारांच्या करारपत्रांत घालण्यास कायद्याची अडचण नाही. मध्य प्रदेश शासनाने ती घालावी आणि भैरवगढच्या दारातून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस वर्षभराने कोठे आहे, याची नोंद याच निमित्ताने सुरू करावी.