कबाड्याला देण्याआधी तो संगणक एकदा सुरू करू या

शाळेच्या अडगळीच्या खोलीची साफसफाई यंदा दिवाळीच्या सुट्टीत करायची, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे. बेत स्तुत्य आहे. मोडके बाक, फुटके नकाशे, तीन पायांची खुर्ची हे सारे जायलाच हवे. मात्र कबाड्याला द्यायच्या सामानाच्या यादीत 'जुना संगणक, १ नग' अशीही एक नोंद आहे. त्या नोंदीपुरते आमचे मत वेगळे आहे आणि ते मंडळापुढे व पालकांपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा 'नग' म्हणजे १९९२ साली घेतलेला ३८६ जातीचा संगणक. आपल्या याच पत्रिकेचे पुढच्या चार वर्षांचे अंक त्यावर जुळविले गेले. त्यांतले मोजकेच छापील अंक वाचनालयात उरले आहेत, बाकीच्यांचा वाळवीने फन्ना उडविला. मुलांच्या कविता, सहलींची वर्णने, जुन्या बाईंनी लिहून घेतलेल्या इंदुरातल्या मराठी घरांच्या आठवणी हे सगळे त्या यंत्रातल्या ४० एमबीच्या हार्ड डिस्कवर असावे. ४० एमबी म्हणजे किती? आजच्या मोबाईलमधले दहा-बारा फोटो. पण साध्या मजकुरासाठी एवढी जागा चार वर्षांना पुरून उरते.

कोणी म्हणेल, डिस्क तेवढी काढून घ्या, नव्या संगणकाला जोडा आणि डबा देऊन टाका. सूचना वाजवी आहे, पण दोन अडचणी आहेत. त्या काळच्या डिस्कला जागेचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगावा लागतो. आज दुकानात मिळणाऱ्या यूएसबी जोडण्यांपैकी पुष्कळांना ही भाषाच येत नाही, त्यामुळे डिस्क धडधाकट असूनही दिसत नाही. दुसरी अडचण अधिक मोलाची आहे. या संगणकात पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड बसविलेले आहे. जिस्टच्या कामाची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली आणि १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. डॉसच्या इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटविणारे हे कार्ड ज्या खाचेत बसते, ती खाच आजच्या संगणकात नसते. मजकूर 'इस्की' या संकेतप्रणालीत साठविलेला असेल, तर तो युनिकोडमध्ये आणता येईल, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. पण आणलेला मजकूर बरोबर उतरला की जोडाक्षरे बिघडली, हे ताडून पाहायला मूळ पान मूळ पडद्यावर दिसायला हवे. म्हणून तो संगणक स्वतःच्या हार्ड डिस्कवरून सुरू झाला पाहिजे, असे आम्ही म्हणतो.

आज बटण दाबले की पंखा फिरतो, मेमरी मोजली जाते, बॅटरी संपल्याची सूचना येते आणि गाडी थांबते. यावरून 'खराब' असा शेरा मारून मोकळे होणे बरोबर नाही. ही ठराविक लक्षणे आहेत. त्या पिढीच्या संगणकाला स्वतःची डिस्क केवढी, हे आपोआप कळत नसे. ती माहिती सीमॉस नावाच्या चिमुकल्या स्मृतीत भरून ठेवावी लागे आणि एका बॅटरीच्या जिवावर ती टिके. बॅटरी मेली की संगणकाला आपल्याला डिस्क आहे याचाच विसर पडतो. डिस्कवरचा मजकूर मात्र जागच्या जागी असतो.

तेव्हा पहिले काम ती बॅटरी काढण्याचे. बोर्डावर डाख दिलेली ही निकेल-कॅडमियमची बॅटरी म्हातारपणी गळते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. गळलेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून तो आधी व्हिनेगरने पुसतात व मग स्वच्छ करून पूर्ण वाळवतात. आम्ल आणि अल्क यांचा याहून चांगला प्रयोग दहावीला कोठे मिळणार? हातमोजे घालायचे आणि विजेच्या पुरवठ्याचा बंद डबा मुलांनी उघडायचा नाही, या दोन अटी मात्र पक्क्या. जुन्या बॅटरीच्या जागी साधा सेल थेट लावून चालत नाही, कारण तिथले सर्किट त्याला चार्ज करू पाहते. बहुतेक बोर्डांवर बाहेरची बॅटरी जोडण्यासाठी वेगळ्या पिना असतात, तेथे पेन्सिल सेलांचा खोका लागतो. खर्च म्हणाल तर महारानी रोडच्या एका फेरीचा.

त्यानंतर सेटअपमध्ये जाऊन डिस्कचे आकडे भरायचे. यादीतल्या ४६ ठराविक प्रकारांत आपली डिस्क बसली नाही, तर ४७ वा प्रकार आपल्या हाताने भरता येतो. आकडे डिस्कवरच्या चिठ्ठीवर बहुधा छापलेले असतात. त्या काळच्या कित्येक ४० एमबी डिस्कना ९८० सिलिंडर, ५ हेड आणि १७ सेक्टर असत. प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. आठवीच्या मुलांनी गुणाकार करून पाहावा: ४,२६,४९,६०० येतात. आकडा चुकला तर संगणक भलत्याच जागी वाचायला जातो आणि कार्यप्रणाली सापडत नाही असे सांगतो. तेव्हा घाबरून डिस्क फॉरमॅट करणारा जो कोणी भेटेल, त्याला खोलीबाहेर ठेवावे, ही आमची नम्र सूचना.

आकडे जुळले की पुढची गंमत सुरू होते. संगणक डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून वाचतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ठराविक खूण असावी लागते. त्यातच विभागांचा तक्ता असतो, त्यात चारच ओळी मावतात आणि त्यांपैकी एकीवर 'येथून सुरुवात कर' असा शिक्का असतो. तो शिक्का पुसला गेला तरी गाडी अडते. मग फ्लॉपीवरून डॉस सुरू करून पाहायचे, डिस्क वाचता येत असेल तर सर्व फाइली आधी उतरवून घ्यायच्या (तीसेक फ्लॉप्या लागतील, लागू देत), आणि नंतरच दुरुस्तीच्या आज्ञांना हात घालायचा. हा क्रम उलटा करू नये. पहिला सेक्टर नव्याने लिहिणारी आज्ञा कधी कधी विभागांचा तक्ताही कोरा करून टाकते.

याच पहिल्या सेक्टरमध्ये त्या काळी विषाणूही मुक्काम करीत. त्यांतला एक चक्क 'जोशी' नावाचा होता. १९९० साली तो भारतात आढळला. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याखेरीज सोडत नसे. आपल्या यंत्रात हे पाहुणे निघाले तर जोशी आडनावाच्या विद्यार्थ्यांनी राग मानू नये!

आम्हाला त्याचे वस्तुसंग्रहालय करायचे नाही. काचेच्या कपाटात बंद संगणक ठेवून हार घालण्यापेक्षा कबाड्याला दिलेला बरा. परंतु आपल्या संगणक-वर्गात मुले आज काय शिकतात? पानाला रंग देणे आणि चित्रे डकविणे. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत आत काय घडते, हे त्यांना कोणी दाखवीत नाही आणि नव्या यंत्रात ते सहज दिसतही नाही. या म्हाताऱ्या यंत्रात प्रत्येक पायरी उघडी आहे, आणि कोठे अडले ते ते बोलून दाखविते. हार्ड डिस्क फिरलीच नाही, असेही होऊ शकते. तसे झाले तर यादीतली ती नोंद कायम ठेवण्यास आमची हरकत नाही.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी एवढीच आहे की, साफसफाईच्या यादीतून हा एक नग तीन महिन्यांसाठी बाजूला काढावा, प्रयोगशाळेतले एक टेबल द्यावे आणि शनिवारचे दोन तास आठवी-नववीच्या मुलांना मिळावेत. पालकांपैकी कोणाच्या घरी डॉसच्या चालू स्थितीतल्या फ्लॉप्या, जुना फ्लॉपी ड्राइव्ह किंवा १९९२ ते १९९६ मधला पत्रिकेचा एखादा छापील अंक असेल, तर तो दिवाळीपूर्वी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावा. छापील अंक झेरॉक्स काढून परत केला जाईल.