गेमचं संगीत: पंधरा हजार लॅब, एक मोबाइल आणि झाडीपट्टीचा ऑर्गन

ऑगस्ट २०२५ मध्ये एका दुपारी बाबांचा फोन आला. "बाबू, सरकारनं गेम बंद केले म्हणते. आता तुझ्या त्या गाण्याचं का होईल?" मी नागपूरला ऑफिसात होतो, रिलीज अडकलेलं होतं. "रात्री सांगतो" म्हणून फोन ठेवला. मग १ फेब्रुवारी २०२६ ला, बजेटच्या दिवशी, परत त्यांचाच फोन. "आता शाळेत गेम बनवायला शिकवणार म्हणते. मंग तवा बंद काहून केले होते?"

प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही तो विचारला गेला असेल. माझ्यासाठी तो जरा जास्तच घरचा आहे. मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री इंडी गेमसाठी संगीत बनवतो. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी नसताना एक-दोघांनी किंवा दहा-बारा जणांनी मिळून केलेला गेम. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तिथे "मोबाइलवर काय टिंगटिंग करून रायला बे?" हा प्रश्न मी पाच वर्षं ऐकतोय.

आधी दोन्ही बातम्या सरळ करून घेऊ. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. जिंकलो तर पैसे मिळतील म्हणून पैसे टाकायचे, असे सगळे गेम त्यात आले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद कायद्याने बाजूलाच ठेवला. रमी आणि पैशांचं फँटसी क्रिकेट गेलं. पण दोनशे रुपयांना विकत घेऊन भुताच्या वाड्यातून बाहेर पडायचा गेम कुणी बंद केलेला नाही. उलट ई-स्पोर्ट्स आणि साध्या मनोरंजनाच्या गेमना प्रोत्साहन द्यायचं, असं त्याच कायद्यात म्हटलंय. बातमीच्या मथळ्यात मात्र दोन्हीला एकच शब्द वापरला जातो: गेमिंग.

फेब्रुवारीची बातमी अशी: मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या मदतीने देशातल्या १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० कॉलेजांत कंटेंट क्रिएटर लॅब उभ्या करायच्या. २०३० पर्यंत या क्षेत्राला वीस लाख माणसं लागतील, असा अंदाज बजेटच्या भाषणात होता. आपल्या राज्यानेही सप्टेंबर २०२५ मध्ये याच क्षेत्राचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचं, २०५० पर्यंतचं. या क्षेत्राचं सरकारी नाव एव्हीजीसी. अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स. चार अक्षरं, आणि त्यात आवाजाचं एकही नाही.

म्हणून लॅब नको असं मी म्हणणार नाही. आमच्या शाळेत कॉम्प्युटर रूमची किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये असायची, त्यामुळे लॅब आली आणि उघडी राहिली तर मी आनंदाने पेढे वाटीन. पण गेमचं संगीत करायला लॅब हा अडथळा नव्हताच. माझे पहिले तीन ट्रॅक साध्या अँड्रॉइड फोनवर, बँडलॅब या फुकट अॅपमध्ये झाले. अडलो ते वेगळ्याच ठिकाणी.

पहिली अडचण म्हणजे गेमचं संगीत काय असतं हेच मला कळलं नव्हतं. सिनेमाच्या संगीतकाराला माहीत असतं की सीन दोन मिनिटं चौदा सेकंदांनी संपतो. गेममध्ये खेळणारा गुहेत दहा सेकंद थांबेल, नाहीतर फोन तसाच ठेवून जेवायला जाईल. गाणं कधी संपणार हे बनवणाऱ्याच्या हातात नाही. त्यामुळे ते फिरत राहिलं पाहिजे, जोड ऐकू येता कामा नये, आणि खेळात काय चाललंय त्याप्रमाणे बदललं पाहिजे. १९८५ च्या सुपर मारिओमध्ये वेळ संपत आली की तेच गाणं पळायला लागतं, आठवा. कोजी कोंडोंचं ते काम. आजकाल दोन पद्धती जास्त वापरतात. एक थरांची: आधी नुसता खर्ज, शत्रू जवळ आला की त्यावर ताल, अगदी समोर आला की वर सूर. तिन्ही फायली एकाच वेळी चालू असतात, फक्त आवाज कमी-जास्त होतो. दुसरी तुकड्यांची: घटना घडली की चालू आवर्तन संपेपर्यंत थांबायचं आणि समेवर पुढच्या तुकड्यात जायचं. एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर नेमकं हेच करतात. गोडो या फुकट इंजिनातही ४.३ आवृत्तीपासून ही सोय आली आहे.

हे सगळं मी यूट्यूबवर इंग्रजीत पाहून शिकलो आणि मग एकदा डोक्यात लख्ख झालं की हे मी लहानपणापासून बघतोय.

झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटकं होतात. बऱ्याच कंपन्यांचा मुक्काम वडसा, म्हणजे देसाईगंजला. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. माझे मामा हौशी तबलजी, म्हणून मला वादकांजवळ बसायला मिळायचं. ऑर्गनवाल्या मास्तरांचे डोळे कागदावर नसत, नटावर असत. खलनायक आला, पब्लिकने शिट्ट्या मारल्या, नट मिशीला पीळ देत थांबला, की मास्तर तोच सूर आणखी दोन फेऱ्या धरून ठेवायचे. नायिका वाक्य विसरली की तबला मध्ये घुसायचा आणि प्रेक्षकांना वाटायचं, असंच आहे. कुणी एकदम खाली पडला की समेची वाट न बघता दणका. एफमॉडमध्ये पॅरामीटर नावाचा एक सरकता दांडा असतो, गेमकडून येणारा आकडा त्याला हलवतो आणि त्याप्रमाणे संगीत बदलतं. तो पहिल्यांदा सरकवला तेव्हा मला मास्तरांची मान दिसली.

तर कान होता. पण नुसता कान पुरत नाही.

२०२२ मध्ये एका छोट्या टीमने मला सहा ट्रॅक मागितले. नाव सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. "आत्ता पैसे नाहीत, रिलीज झालं की बघू," असं व्हॉट्सअॅपवर ठरलं. मी खूश. मित्रांना सांगितलं, आईला सांगितलं. गेम आला तेव्हा त्यात माझे दोनच ट्रॅक होते, श्रेयनामावलीत नाव नव्हतं, आणि पैशांचं आजतागायत "बघू"च चालू आहे. बरेच दिवस मी ही गोष्ट अन्यायाची म्हणून सांगायचो. आता तिचा दुसरा भागही सांगतो. मी कबूल केलेल्या तारखेच्या तीन आठवडे उशिरा फायली दिल्या, कारण "नोकरी आहे ना, हा तर छंद." सगळ्या फायली एमपी३ दिल्या. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता भरली जाते, त्यामुळे गाणं फिरताना दरवेळी उचकी लागल्यासारखं होतं. ओजीजी किंवा वेव्ह दिली असती तर हे झालं नसतं. शिवाय शेवटच्या सुराची घुमणारी शेपटी मी कापून टाकली होती. ती शेपटी पुढच्या फेरीच्या सुरुवातीवर चढवायची असते, तरच जोड लपतो. फायलींची नावं होती 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंचफायनल'. त्यांनी चार ट्रॅक का टाकले नाहीत, याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं.

त्यांनी मला गंभीरपणे घेतलं नाही हे खरं, आणि मीही मला घेतलं नव्हतं. पण पैसे न देणं आणि उशीर करणं या गोष्टी एकमेकींना कापत नाहीत. दोन्हीवर एकच उपाय होता: एक पानभर करार.

इथे जरा कायदा, कारण हे कुठल्याच लॅबच्या बातमीत येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे त्यात आलं पाहिजे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे आपला गेम जगभर विकायचाय त्या टीमलासुद्धा नीट करार हवाच असतो, त्यामुळे मागायला लाजायचं कारण नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही असं केलं, पण ती तरतूद सिनेमा आणि ध्वनिमुद्रणाच्या शब्दांत लिहिली आहे, गेम हा शब्द तिथे नाही. म्हणून गेमच्या बाबतीत मी कुणाच्या भरवशावर न राहता करारातच लिहून घेतो: गेममध्ये वापरायचा हक्क तुमचा, साउंडट्रॅक वेगळा विकायचा हक्क माझा, नाव श्रेयनामावलीत, अर्धे पैसे आधी.

"पण गोंदियाहून कोण विचारणार?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्यात आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम २०२० मध्ये आणला. भाऊ शोधायला निघालेली मुलगी, आपली पुराणं, राजस्थानी धाटणीचे महाल. द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या इंडी गेमच्या गटात त्याला नामांकन मिळालं. त्याचं संगीत केलं लिनोस त्झेलोस यांनी, जे ग्रीसचे. मला आधी हे वाचून थोडं टोचलं होतं. नंतर वाटलं, पुण्याच्या गेमला ग्रीसचा माणूस चालतो, तर ग्रीसच्या गेमला अर्जुनी मोरगावचा का चालू नये? फाइल कुठून अपलोड झाली हे ऐकू येत नाही. वेळेत आली नाही तर मात्र लगेच कळतं.

नोकरी सोडायची का, हे मला इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त विचारलं जातं. मी सोडलेली नाही, आणि सोडा असं कुणाला सांगणारही नाही. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बरोन या एकट्या माणसाने केला, चित्रं, कोड, संगीत सगळं. साडेचार वर्षांच्या आसपास लागली, आणि त्या काळात तो एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचं पार्टटाइम कामही करायचा. त्याची कथा सांगताना लोक शेवटचे कोट्यवधी डॉलर सांगतात, हे थिएटर गाळतात. माझा हिशेब साधा आहे: आठवड्यातल्या चार रात्री, साडेनऊ ते साडेअकरा. त्या वेळी फोन विमान मोडवर. मागच्या वर्षी एका कामाचे सहा मिनिटांच्या संगीताला नऊ हजार मिळाले. तासांनी भागलं तर पगारापेक्षा कितीतरी कमी. पण ते पैसे तारखेला आले, कारण फायली तारखेला गेल्या होत्या.

आता एआय. सुनोसारख्या अॅपला एक ओळ लिहून दिली की मिनिटाभरात गाणं मिळतं, आणि ते वाईट नसतं, हे मान्य करूया. मेनूच्या मागे वाजणारं साधं गाणं करून चार पैसे मिळवायचा रस्ता त्यामुळे अरुंद झालाय. स्टीमवर जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआयने बनवलेलं काही असेल तर डेव्हलपरला ते जाहीर करावं लागतं, म्हणून काही टीम ते टाळतात. पण नियमाच्या आडोशाने किती दिवस टिकणार? मला टिकाऊ वाटतं ते दुसरं काम: टीमकडून गेमची अर्धवट आवृत्ती घेणं, ती वीस वेळा खेळणं, खेळणारा कुठे अडतो, कुठे दचकतो हे बघणं, आणि कुठला थर कुठे सुटेल ते ठरवणं. शाळांतल्या लॅबमध्ये नुसतं सॉफ्टवेअरचं बटण शिकवलं तर मुलं नेमकी त्याच कामासाठी तयार होतील जे अॅप आधीच करतंय. त्याऐवजी एका शनिवारी गावातल्या ऑर्गनवाल्या मास्तरांना लॅबमध्ये बोलावलं आणि मुलांनी गेम खेळताना त्यांना वाजवायला सांगितलं, तर? मानधन देऊन, अर्थात.

सध्या दोन मुलांच्या टीमचा एक भुताटकीचा गेम हातात आहे. शुक्रवारी तीन थर द्यायचेत. मागच्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा मामांचा तबला फोनवरच रेकॉर्ड केला, मागच्या खोलीत, गोधड्या टांगून. तरी शेजारच्या राइस मिलचा घूंऽऽ आवाज त्यात आलाच. दोन रात्री तो काढायचा प्रयत्न केला, मग तोच वेगळा करून, खाली ओढून पहिला थर केला. गेममधल्या रिकाम्या वाड्यात आता तीच मिल घुमते.

बाबांना हेडफोन लावून ऐकवलं. ते थोडा वेळ ऐकत राहिले. "हे तर आपली मिल होय." मग हेडफोन काढून, "पैसे भेटले का?"

अर्धे आधीच घेतलेत, म्हणालो.